‘ज्यू’, ‘यहुदी’, ‘इस्रायली’: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत हे तिन्ही शब्द आलटून-पालटून येतात, ते समानार्थी मानावेत का? आणि ‘अँटिसेमिटिझम’ला मराठीत काय म्हणावं?

‘ज्यू’ आणि ‘यहुदी’ यांचा अर्थ एकच. पहिला इंग्रजीतून आला, दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने. ‘इस्रायली’ म्हणजे मात्र इस्रायलचा नागरिक. तिथले जवळपास एक पंचमांश नागरिक अरब आहेत. ते इस्रायली आहेत, ज्यू नाहीत. उलट न्यूयॉर्कचा ज्यू हा अमेरिकन.

हा फरक न पाहणं जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात मारल्या गेलेल्या ज्यूंमध्ये अमेरिकन आणि मेक्सिकन नागरिकही होते. मारेकऱ्यांना त्यांचा पासपोर्ट बघायचा नव्हता. २०१८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शनिवारच्या प्रार्थनेला जमलेल्या अकरा जणांची हत्या झाली. म्हणूनच ‘अँटिसेमिटिझम’साठी ‘ज्यूविरोध’ हा शब्द मला फार मवाळ वाटतो. विरोध धोरणाला असतो, मताला असतो. माणूस ज्यू आहे एवढ्यावरून त्याच्यावर उठणं याला ‘ज्यूद्वेष’च म्हणावं. इस्रायल सरकारवरची टीका ही टीका. त्या रागापोटी कुठल्याशा शहरातल्या सिनेगॉगवर दगड टाकणं हा ज्यूद्वेष. ‘सेमिटिकविरोध’ तर नकोच. हिब्रूसारखीच अरबीही सेमिटिक भाषा आहे, आणि १८७९च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मार याने ‘अँटिसेमिटिझम’ची संज्ञा रूढ केली तेव्हा रोख फक्त ज्यूंवर होता.

आता आपल्याकडचा शब्द, ‘बेने इस्राएल’, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. या नावाचा अर्थ ‘इस्राएलची लेकरं’. हे इस्राएल म्हणजे बायबलमधला याकोब, ज्यूंचा पूर्वज, १९४८ साली स्थापन झालेलं राष्ट्र नव्हे. त्यामुळे अलिबागच्या किंवा ठाण्याच्या बेने इस्राएल कुटुंबाला ‘इस्रायली’ म्हणणं साफ चूक आहे. गावावरून पडलेली आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मुंबईतलं त्यांचं मांडवीचं सिनेगॉग १७९६ साली स्थापन झालं.

मग त्यांना इस्रायलची ओढ नाही का? आहे, आणि ती त्या राष्ट्राहून कितीतरी जुनी आहे. युरोपातला ज्यू प्रार्थनेला पूर्वेकडे तोंड करतो, कोकणातला पश्चिमेकडे. दोघांचं लक्ष जेरुसलेमकडे. इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. त्या स्थलांतराला हिब्रूत ‘अलिया’ म्हणतात, म्हणजे वर चढून जाणं. तिथे मात्र धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, तेव्हा १९६४ साली सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. तिथे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. अशा कुटुंबांना खुशाल ‘इस्रायली’ म्हणा, ‘मराठी ज्यू’ म्हणा, दोन्ही बरोबर. इथे राहिलेल्यांसाठी ‘बेने इस्राएल’ किंवा ‘मराठी ज्यू’ हेच वापरावं.