मुलीच्या अमेरिकेतल्या शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथ (काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना) आहे, पालकांना स्टॉल लावायला सांगितलंय. आपण भारतीयांनी नेमकं काय करावं?

काय करू नये तेवढं आधी सांगते. मुलीच्या तोंडाला काहीही फासू नका.

हसू नका, आमच्या घरात हे झालंय. फासलं सासूबाईंनी, मी बघत उभी होते, म्हणजे मीच फासलं म्हणा.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा तेव्हा चौथीत होता. त्यांच्या शाळेत फेब्रुवारीत 'वॅक्स म्युझियम' भरतं. प्रत्येक मूल इतिहासातलं कुणीतरी होऊन पुतळ्यासारखं उभं राहतं. तळहातावर लाल कागदाची टिकली चिकटवलेली असते, ती दाबली की पुतळा बोलायला लागतो. वर्गात पाच मार्टिन ल्यूथर किंग आणि चार रोझा पार्क्स जमा झाल्या होत्या. आमच्या चिरंजीवांनी लायब्ररीतून पॉल रोब्सन शोधून आणला.

मी इथल्या रटगर्स विद्यापीठातून मास्टर्स केलंय आणि मला हे नाव माहीत नव्हतं. रोब्सन १८९८ साली प्रिन्स्टनला जन्मला, आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. वडील पंधराव्या वर्षी गुलामगिरीतून पळालेले, पुढे तिथल्या चर्चमध्ये पाद्री झाले. रोब्सन रटगर्सच्या फुटबॉल टीममधला हुकमी खेळाडू, पण १९१६ मध्ये दक्षिणेतलं एक कॉलेज काळ्या माणसाविरुद्ध खेळायला तयार नव्हतं, तर रटगर्सने त्यालाच बाकावर बसवलं. पुढे वकील झाला, गायक झाला, नट झाला. गप्प बसेना म्हणून सरकारने १९५० मध्ये पासपोर्ट काढून घेतला, तो आठ वर्षांनी परत मिळाला. मुलाने हे सगळं पाठ केलं होतं, आंघोळ करतानासुद्धा म्हणत होता.

तर त्या दिवशी सकाळी मुंजीतला काळा कोट, बो टाय, सगळं झालं. सासूबाई त्याला निरखून म्हणाल्या, "अगं, तो माणूस काळा होता ना? मग हा असा कसा शोभेल?" डबीतलं काजळ खोबरेल तेलात कालवून दोन्ही गालांना. त्यांचंही काय चुकलं म्हणा, आपल्या शाळांत फॅन्सी ड्रेसला आदिवासी करायचा म्हटलं की आजही हेच करतात. माझ्या पोटात जरा कालवलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आठची मीटिंग होती.

वर्गाच्या दारातच त्याच्या टीचरने त्याला बघितलं. त्या स्वतः काळ्या. काही न बोलता वेट वाइप्सचं पाकीट घेतलं, गुडघ्यांवर बसल्या आणि पुसायला लागल्या. काजळ तेलातलं, ते कसलं निघतंय! चार वाइप्स लागले, तरी कानापाशी राहिलंच. त्याला एवढंच म्हणाल्या, "आवाज मोठा काढ हं, रोब्सनचा आवाज फार खोल होता." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री भाऊजी जेवायला होते. "इथे प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतात वहिनी. आईच्या मनात काही होतं का?" नव्हतं. पण बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायची आणि काळ्या माणसाची नक्कल करून हशा पिकवायचा, हा गोऱ्या नटांचा धंदा इथे एकोणिसाव्या शतकात जोरात चालला. त्यातल्याच एका विदूषकी पात्राचं नाव जिम क्रो, आणि पुढे काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यांना तेच नाव पडलं. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते कायदे भोगले त्यांना आमच्या मनात काय होतं याच्याशी काय करायचंय?

मग भाऊजींचं नेहमीचं, "आपण स्वतःच्या मेहनतीवर आलो, आपला काय संबंध?" हे मी सहा वर्षं ऐकतेय, म्हणून इथे सविस्तर लिहिते. १९६५ च्या आधी इथे कायमचं यायला भारतासाठी वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. शंभर! तो कोटा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने गेला, आणि तो कायदा झाला तो नागरी हक्कांच्या लढ्याने वंशावरून माणसं वगळणं लाजिरवाणं करून ठेवल्यावर. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदानाचा, त्याच्या मागोमाग हा. त्या लढ्यात पोलिसांचे कुत्रे अंगावर घेतले ते भाऊजींनी नव्हे. मेहनत केली, मान्य. दार कुणी उघडलं?

यावर ते काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "मी सावळी म्हणून शाळेच्या नाटकात दरवर्षी शूर्पणखा मीच. सीता कधी झाले नाही." आणि ताट उचलून आत गेल्या. भाऊजींनी कढी संपवली.

हां, तुमचा प्रश्न. 'आपला संबंध' दाखवायचाच असेल तर खरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, नाव इथल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलेलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबरही लोक सुचवतील. तो थोरच, पण तो आपला दख्खनचा इतिहास, त्याने इथल्या इतिहासाची जागा भरून निघत नाही. स्टॉलचा एक कोपरा आपला आणि बाकी तुमच्या गावाचा ठेवा. तुमच्या राज्यात गुलामगिरी कधी संपली ते शोधा. न्यू जर्सीने तर ती संपवणारी घटनादुरुस्ती १८६६ साली मान्य केली, उत्तरेत सगळ्यात शेवटी. मी 'उत्तरेतली राज्यं म्हणजे चांगले लोक' एवढंच समजून होते.

आणि सगळं ठरवण्याआधी शाळेतल्या काळ्या पालकांना विचारा, मात्र सगळं काम त्यांच्याच गळ्यात घालू नका. मी एकच शाळा बघितलीय, तुमच्याकडे वेगळं असेल. मुलगी पहिली-दुसरीत असेल तर दुबॉइस वगैरे राहू द्या, एक गाणं पुरे.

खायला काही नेणार असाल तर चिवडा नको. शेंगदाण्यांच्या अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच शाळा दारातच ठेवून घेतात.