कंपनी बुडालेल्या गाडीच्या नव्या मालकाला

प्रिय मित्रा,

घरचे म्हणतात भंगारात दे, मित्र तिला ‘चारसोबीस गाडी’ म्हणतात, आणि ज्याने ती किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जुळवलेली गाडी, तुला विकली तो आता फोन उचलत नाही. कंपनीला कुलूप, कंपनीच्या मालकावर फसवणुकीचा गुन्हा. तुझ्या मेसेजमध्ये गाडीपेक्षा लाजच जास्त होती, म्हणून हे लांबलचक पत्र. ती लाज ठेव बाजूला. घामाचे पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे ती.

ठेवू की विकू, हे मी सांगणार नाही. एक जाड वही घे. गाडीचा एकेक भाग सोडव, माप घे, त्यावरचा नंबर वाच आणि लिहून ठेव. हे झाल्याशिवाय तुला तुझ्याकडे नेमकं काय आहे तेच माहीत नाही, मग विकायचं काय आणि ठेवायचं काय?

किटवाली कंपनी स्वतः फार थोडं बनवते. पाइपची चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, फायबरची बॉडी, थोडी आतली सजावट. बाकी सगळं दुसऱ्या गाड्यांचं. वर स्वतःचं लेबल चिकटवलं की गाडी घेणाऱ्याला वाटतं, हा पार्ट फक्त यांच्याकडेच मिळणार. तू म्हणतोस इंजिन लोगनचं आहे. अरे, ती लोगन २००७ पासून आपल्या नाशिकलाच महिंद्राच्या कारखान्यात जुळत होती. पुढे तिचंच नाव व्हेरिटो झालं. ते इंजिन उघडून बसवलेले मिस्त्री या गावात आजही आहेत. आणि तू क्लच प्लेटसाठी बुडालेल्या कंपनीच्या ईमेलची वाट बघत बसलायस!

बेअरिंग काढ, पूस, कडेवरचा नंबर वाच. समजा ६२०५ असेल, तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठेही हेच. दुकानदाराला गाडीचं नाव सांगूच नकोस, नंबर सांग. नाव सांगितलंस की तो ‘नाही मिळत’ म्हणणार. ब्रेक पॅडचा आकार कागदावर उतरव, ब्रेकच्या रबरी नळीच्या (होजच्या) टोकाचे आटे मोज, बॉल जॉइंट कुठल्या गाडीचा ते जुन्या मिस्त्रीला विचार. आणि त्याने सांगितलं की तिथेच उभ्याउभ्या लिहून ठेव. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात असं नुसतं बघून पार्ट ओळखणारी माणसं होती. २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार हटवला, माणसं पांगली, आणि त्यांच्या डोक्यातलं कोणीच कागदावर घेतलेलं नव्हतं. ती हळहळ मला अजून आहे.

जे दुसऱ्या कुठल्याच गाडीचं नाही, त्याची खरी काळजी कर. सगळ्यात आधी पुढची काच. बाकदार लॅमिनेटेड काच दुसऱ्या गाडीची आणून कापून सहसा बसत नाही, तडकते. आत्ता शाबूत आहे तोवर तिच्यावरून साचा उतरवून ठेव. दारं आणि बॉनेट यांचेही फायबरचे साचे काढून घे. ठोकर लागल्यावर माप कशाचं घेणार? जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारखे तडे दिसले तर वरून पुट्टी लावणाऱ्याकडे जाऊ नकोस. तडा घासून उघडायचा आणि मागच्या बाजूने मॅट-रेझिन (काचतंतूंची चटई आणि ती चिकटवणारं रसायन) चढवायचं. फायबर गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण खालचे चेसिसचे पाइप आतून गंजतात, आणि आपल्याकडचा पावसाळा काही थोडाथोडका नाही. आणखी एक: फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी, वायर स्वतंत्र हवी. दिवे मिणमिणतात म्हणून तू अल्टरनेटर बदलायला निघाला आहेस, आधी अर्थ तपास.

डिलोरियन नावाच्या गाडीचं उदाहरण घे. ती किट कार नव्हती, पण गोष्ट तुझीच आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळचा तिचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, साधारण नऊ हजार गाड्या मागे राहिल्या. त्याच वर्षी कंपनी काढणाऱ्या जॉन डिलोरियनला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला. नंतर फसवणुकीचा खटला, त्यातूनही १९८६ मध्ये सुटला. इतकी वर्षं मालकांनी निकालाची वाट बघत गाड्या उभ्या ठेवायच्या होत्या का? इंजिन प्यूजो-रेनो-व्होल्वोचं होतं, ते मिळत राहिलं. उरलेला पार्टचा साठा पुढे टेक्सासला गेला, तिथून आजही विकला जातो. पण बॉडीच्या पत्र्याला आकार देणाऱ्या डाय (लोखंडी साचे) आयर्लंडच्या किनाऱ्यावर मत्स्यपालनाच्या जाळ्यांना नांगर म्हणून समुद्रात गेल्या. लक्षात घे, साचे आधी जातात.

माझ्या गाडीच्या कंपनीचंही तेच झालं, म्हणून मी चिडून लिहितो. बुडाल्यावर आम्ही मालक जमलो तेव्हा सगळे पैशांवर अडले. मी म्हटलं, पैसे मागा, पण ड्रॉइंग आणि साचेही मागा. मला वेड्यात काढलं. कोणी म्हणालं मी कंपनीच्या मालकाच्या बाजूचा, कोणी म्हणालं मला स्वतःचा धंदा काढायचाय. पैसेही आले नाहीत, साचेही भंगारात गेले. माझा भाऊ आजही म्हणतो, त्या पैशांत गंगापूर रोडला प्लॉट झाला असता. झाला असता. पण माझी गाडी चालते, आणि त्या वेळी जे हसले त्यांच्यातले काही आज माझ्याच वहीतून मापं उतरवून नेतात. मागणी बरोबरच होती. पुन्हा वेळ आली तर तेवढ्याच जोराने करीन.

कागदांचंही तसंच. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, तो ठसा आरसीशी अक्षर अक्षर जुळव. इंजिन नंबरही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर बघ. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) यांशिवाय तो उतरत नाही. काही जुळलं नाही तर लपवू नकोस. वकिलाला घेऊन स्वतःच पेठ रोडच्या आरटीओत जा, कोणी दारात येण्याआधी. पोलिसांनी तपासासाठी गाडी नेलीच, तर सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर) परत मिळावी म्हणून न्यायालयात लगेच अर्ज कर. ठाण्याच्या आवारात ती पावसाळा काढणार नाही. कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण न्यायाधिकरणात असेल तर दाव्याची मुदत चुकवू नकोस. आणि मोठं इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्या पोरांना दारात उभं करू नकोस. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळलीच पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

कागद आणि काच, हे दोन या आठवड्यात. बाकीचं सावकाश. रविवारी सकाळी ये, माझा मापाचा व्हर्नियर आणि आटे मोजायचे गेज देतो, पुढची चाकं आपण मिळून उघडू. वही मात्र तुझी तू आण. माझ्या वहीची झेरॉक्स मागू नकोस, मी देणार नाही. तुझ्या गाडीची मापं तुझ्याच हाताने लिहिलेली हवीत.

तुझा,
काका