आवडता संघ शेवटच्या सामन्यात हरला, तर घरातल्या लहान चाहतीला काय सांगावे?

आपण विचारले आहे की, १ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरोंटो ब्लू जेज हा संघ वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये (नेहमीच्या नऊ डावांनंतर) ५-४ असा हरल्यापासून आपली नऊ वर्षांची मुलगी बेसबॉलचे नावही काढू देत नाही, आणि ‘सगळा हंगाम फुकट गेला’ या तिच्या म्हणण्यावर आई-वडिलांनी काय उत्तर द्यावे. मी सिएटलजवळ राहते आणि मरिनर्सची जुनी चाहती आहे, म्हणजे बाराच दिवस आधी, त्याआधीच्या फेरीत, आपल्या टोरोंटोकडून हरलेल्या संघाची. नवव्या इनिंगपर्यंत आघाडीवर असलेल्या आपल्या संघाच्या हातून लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मिगेल रोहासच्या होम रनने (चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्याने) सामना निसटू लागला, तेव्हा आमच्या घरातही कोणी आनंदाने ओरडले नाही, कारण ते दुःख आम्हांला फार जवळून माहीत होते.

सर्वांत आधी, तिला रडू द्यावे आणि ‘पुढच्या वर्षी नक्की जिंकू’ असे सांगण्याची घाई करू नये. टोरोंटोने शेवटची वर्ल्ड सिरीज १९९३ मध्ये जिंकली. आमचा संघ तर १९७७ पासून खेळतो आहे आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही पोहोचलेला नाही; तीस संघांत असा दुसरा संघ नाही. २००१ मध्ये मरिनर्सने ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ सालच्या विक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा नव्यानेच इकडे आलेल्या आम्हांला वाटले होते की हा संघ दरवर्षी असाच खेळत असणार. त्यानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पुन्हा पाऊल ठेवायला २०२२ साल उजाडले. लहान मुले असे वचन विसरत नाहीत, आणि ते पाळणे आपल्या हाती नसते.

हंगाम फुकट गेला का, या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र ठाम ‘नाही’ असे आहे, आणि ते मला माझ्या वडिलांमुळे मिळाले आहे. अण्णा मिरजेला रेल्वेत होते. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकत मोठ्या झालेल्या पिढीतले ते. रेल्वेच्या संघाच्या सामन्यांची धावपुस्तिका स्वच्छ अक्षरात लिहिणे हा त्यांचा आवडीचा उद्योग होता. २००४ च्या मे महिन्यात ते आणि आई प्रथमच आमच्याकडे आले. आम्ही दोघे दिवसभर कामावर, शेजारी बोलायला कोणी नाही, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. परदेशी मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचा हा एकांत आपल्याही परिचयाचा असेल. त्या उन्हाळ्यात अण्णांना सोबत मिळाली ती रेडिओवरच्या बेसबॉलची. डेव्ह नीहाउस हे मरिनर्सच्या पहिल्या सामन्यापासूनचे समालोचक. त्यांचे इंग्रजी अण्णांना आरंभी अर्धेच कळत असे, पण मैदानालगतच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीची शिट्टी समालोचनातून ऐकू आली की ते हातातले काम थांबवून ऐकत राहत.

तो हंगाम आकड्यांनी पाहिला तर अत्यंत वाईट होता. १६२ सामन्यांपैकी मरिनर्स ९९ हरले. परंतु त्याच वर्षी मरिनर्सच्या इचिरो सुझुकीने २६२ हिट (ज्यावर फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचतो असे फटके) मारून जॉर्ज सिसलर यांचा १९२० पासून अबाधित असलेला २५७ हिटचा विक्रम मोडला. इचिरो उंच फटक्यांच्या मागे फारसा लागत नसे. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून ढकलून तो पहिल्या बेसवर इतक्या वेगाने पोहोचे की साधा जमिनीवरचा फटकासुद्धा हिट ठरे. चोरट्या एकेरी धावांवर जीव असलेल्या अण्णांना तो खेळाडू न आवडता तरच नवल. त्यांनी स्कोअरकार्ड लिहायला शिकून घेतले: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६ असे प्रत्येक जागेला क्रमांक, आणि ६-४-३ असे लिहिले की डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघे बाद) चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला ते समजावे. घरी परतल्यावर मी दार उघडताच आदल्या इनिंगमध्ये काय घडले ते ते मला त्या वहीवरून सांगत. खरे सांगायचे तर लग्नाआधी अण्णांशी माझे बोलणे परीक्षा, पैसे आणि तब्येत यांच्या पलीकडे क्वचितच गेले होते. हरणाऱ्या संघाने आम्हांला रोज बोलायला विषय दिला.

१ ऑक्टोबरला, ज्या सामन्यात विक्रम मोडला त्या सामन्याला, आम्ही सगळे गेलो होतो. इचिरो धावत कठड्यापाशी गेला आणि तेथे बसलेल्या सिसलर यांच्या ८१ वर्षांच्या कन्येशी आणि कुटुंबीयांशी त्याने हात मिळवला. वडिलांचा चौऱ्याऐंशी वर्षे टिकलेला विक्रम मोडणाऱ्याचे अभिनंदन करायला ती वृद्ध लेक आली होती, हे अण्णांना त्या दिवसाचे सर्वांत मोठे दृश्य वाटले. मिरजेला परतल्यावर त्यांनी कित्येकांना ती हकीकत ऐकवली. पुढे सिएटलची संध्याकाळ म्हणजे मिरजेची सकाळ या सोयीमुळे चहाच्या वेळी त्यांचा फोन येई, आणि ‘कितव्या इनिंगला आहे?’ हाच पहिला प्रश्न असे.

नीहाउस २०१० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. मैदानात त्यांचा पुतळा आहे: समोर मायक्रोफोन, हातांशी उघडी धावपुस्तिका आणि शेजारी चाहत्यांना बसण्यासाठी मोकळी जागा. नंतरच्या एका भेटीत अण्णा तेथे बसले आणि फोटोसाठी समोर पाहण्याऐवजी धातूत कोरलेली ती धावपुस्तिकाच वाचत राहिले. १९९५ च्या न्यूयॉर्क यांकीज संघाविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्याची ती नोंद आहे. अण्णा प्लेऑफचा एकही सामना पाहण्याआधी गेले. २०२२ मध्ये मरिनर्सचा कॅचर कॅल रॅली याच्या होम रनने प्रतीक्षा संपली, त्या रात्री मिरजेला फोन करायला कोणी नव्हते.

म्हणून २०२५ चा हंगाम मी दोघांच्या वतीने पाहिल्यासारखा पाहिला. जुलैमध्ये अटलांटाला रॅलीने होम रन डर्बी, म्हणजे नुसते होम रन मारण्याची स्पर्धा, जिंकली, तेव्हा त्याला चेंडू टाकत होते त्याचे वडील आणि मागे कॅचर म्हणून बसला होता त्याचा १५ वर्षांचा धाकटा भाऊ. एवढ्या मोठ्या स्पर्धेत बाप-लेकांनी घरामागच्या अंगणात खेळावे तसे खेळताना पाहून माझे डोळे भरून आले. पुढे रॅलीने हंगामात ६० होम रन केले. कॅचरने रोज खाली बसून शेकडो चेंडू अडवायचे असतात, त्याचे गुडघे आणि बोटे कायम दुखरी. अशा जागेवरून त्याने केन ग्रिफी ज्युनियरचा ५६ चा संघविक्रम मागे टाकला. साठावा होम रन ज्या रात्री झाला, त्याच रात्री मरिनर्सने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला.

मग प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेचा पाचवा सामना पंधरा इनिंग चालला. सातव्या इनिंगमध्ये बरोबरी साधून देणाऱ्या लिओ रिवासचा त्या दिवशी अठ्ठाविसावा वाढदिवस होता, आणि शेवटी होर्हे पोलांकोच्या हिटने ३-२ असा निकाल लागला. पुढच्या फेरीत आपल्या टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात आमच्या एउहेनिओ सुआरेझने ग्रँड स्लॅम (एकाच फटक्यात चार धावा देणारा होम रन) मारला, तेव्हा महाविद्यालयातून फोनवर असलेली माझी मुलगी ओरडली, ‘आजी, पाव काढ!’ ग्रँड स्लॅम झाला की नीहाउस आजीला राईचा पाव आणि मोहरीची चटणी काढायला सांगत. अण्णा हे वाक्य ऐकले की खरोखरच आईकडे पाहत आणि आई खरोखरच उठून काहीतरी खायला आणी. नीहाउस गेले तेव्हा मुलगी फार लहान होती. तिच्यापर्यंत हे वाक्य आजोबांकडून आले होते. आता मिरजेहून आमच्याकडे राहायला आलेली आई त्या रात्री शेजारच्या खोलीतून चकल्यांचा डबा घेऊन आली.

तीन दिवसांनी सातव्या सामन्यात आम्ही सातव्या इनिंगपर्यंत ३-१ असे पुढे होतो आणि टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तिघांच्या धावांचा होम रन मारला. सामना ४-३ असा संपला. मी त्याचे चित्रण अजून पुन्हा पाहिलेले नाही. त्या रात्री मी फार रडले, आणि त्यात अण्णांसाठीचे रडणे पुष्कळ होते, हे मुलीला मी लपवले नाही. आपल्या लेकीलाही मोठ्यांनी ‘खेळच तर आहे’ असे सांगू नये असे मला वाटते. तिने मार्चअखेरपासून रोज संध्याकाळी ज्या माणसांबरोबर बसून हा खेळ पाहिला, त्या संध्याकाळी या निकालाने पुसल्या जात नाहीत; पण ते तिला आता समजावून सांगण्यापेक्षा त्या संध्याकाळींविषयी तिच्याशी बोलत राहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

थोडे दिवस गेले की एक करून पाहा. तिला वही द्या, स्कोअरकार्डचे क्रमांक शिकवा आणि त्या हंगामातला तिला सर्वांत आवडलेला एक सामना चित्रणावरून पुन्हा पाहत तिच्याकडून लिहून घ्या. टोरोंटोने २०२५ मध्ये ९४ सामने जिंकले, तेव्हा निवडीला वाव भरपूर आहे. आजी-आजोबा भारतात असतील, तर प्रत्येक इनिंगनंतर त्यांना फोनवर धावसंख्या सांगण्याचे काम तिच्याकडे सोपवा. तिने नेमका २० ऑक्टोबरचा आमच्याविरुद्धचा सामना निवडला, तरी बिनदिक्कत निवडू द्या. स्प्रिंगरचा तो फटका तिच्या वयाच्या मुलीने जन्मभर लक्षात ठेवावा असाच होता.