घरमालकाची बँकेकडे तक्रार करायच्या आधी थांब

अरे, गळती नि डिपॉझिटवरून घरमालकाशी वाजलं म्हणून त्याने कर्जावरचं घर भाड्याने दिलंय हे त्याच्या बँकेला सांगायचं म्हणतोस, राग समजतो तुझा, पण बँकेला कळवून तुझा फायदा काय होणार ते आधी बघ. स्वतः राहायला म्हणून घेतलेलं होम लोन असेल तर भाड्याने द्यायला बँकेची परवानगी लागते बऱ्याचदा, ती नसेल तर बँक करारानुसार कारवाई करू शकते, फार झालं तर सगळं कर्ज एकदम मागू शकते, आणि मग मालकाने घर विकायला काढलं तर तुलाच सामान बांधावं लागेल. गळती, डिपॉझिट हे बँक बघतच नाही रे, त्यासाठी लेखी नोटीस, फोटो, भाड्याच्या पावत्या जपून ठेव. हां, मालकाचे कर्जाचे हप्ते थकल्याचं पत्र घरी आलं तर मात्र लगेच वकील गाठ.