‘हिस्टॉरिकल मार्कर’ला मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या एक वाचक तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिताहेत, विषय आहे काउंटीतले रस्त्याकडेचे ‘हिस्टॉरिकल मार्कर’. त्यांनी विचारलंय, मार्करला स्मारक म्हणावं की स्मृतिशिळा? आणि काउंटीला जिल्हा म्हटलं तर चालेल का?

स्मारक नको. स्मारक म्हटलं की पुतळा, चौथरा आणि जयंतीचा हार डोळ्यांसमोर येतो. व्हर्जिनियातली वस्तू अगदीच निराळी आहे. खांबावर बसवलेली ओतीव धातूची पाटी, चंदेरी-पांढऱ्या रंगावर काळी, उठावाची अक्षरं, आणि माथ्यावर राज्यमुद्रा. मुद्रेत मुकुट गळून पडलेल्या जुलमी राजावर पाय देऊन एक स्त्री उभी असते. १९२७ साली रूट वन या महामार्गाच्या कडेने या पाट्या लागायला सुरुवात झाली, त्या मोटारीने फिरायला निघालेल्या लोकांसाठी. म्हणून मजकूर आटोपशीर, साधारण शंभर शब्दांत बसणारा. आज राज्यात अशा अडीच हजारांहून जास्त पाट्या आहेत.

शिळाही जमत नाही, कारण दगडच नाही. ‘वीरगळ’च्या धर्तीवर ‘इतिहासगळ’ करायचा मोह कुणाला होईल, पण तो ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगडच. शिवाय वीरगळावर सगळं चित्रांत सांगितलेलं असतं आणि अक्षर सहसा नसतं, या पाट्यांवर बरोबर उलट. ‘स्मृतिफलक’ बरा आहे (जोडून आणि ऱ्हस्व ‘ति’, ‘स्मृती फलक’ असं तोडू नका), पण त्याला श्रद्धांजलीचा वास येतो. जुनी खानावळ, शाळा, लढाई, नदीचा उतार असं काहीही ज्यावर असू शकतं, त्याला मी ‘इतिहासफलक’ म्हणेन. लेखात एकदा तसं लिहा आणि पुढे खुशाल ‘पाटी’ म्हणा. बोलताना आपण तेच म्हणतो.

मजकूर मराठीत आणताना ‘येथे’ हा शब्द मात्र जपून वापरा. लंडनच्या निळ्या पाट्यांना ‘येथे राहत होते’ शोभतं. हाउली प्लेसला टिळकांची आणि किंग हेन्रीज रोडला आंबेडकरांची पाटी त्या-त्या घराच्या भिंतीवरच आहे. व्हर्जिनियात पाटी गाडी जाते तिथे उभी असते, घटना घडलेली असते कुठेतरी आत शेतात. त्यामुळे मजकुरात ‘जवळच’ किंवा ‘इथून पूर्वेला अर्ध्या मैलावर’ अशी भाषा येते. ती तशीच ठेवा.

आता काउंटी. तिला ‘काउंटी’च म्हणा, जिल्हा नको. हद्दीवर ‘झेड’ या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या पाट्या असतात, त्यांवर काउंटी कधी, कशातून निघाली ते लिहिलेलं असतं. अ‍ॅल्बमार्ल काउंटी १७४४ साली गूचलंड तोडून केली आणि तिला तेव्हाचे गव्हर्नर अर्ल ऑफ अ‍ॅल्बमार्ल यांचं नाव दिलं. (हे गव्हर्नरसाहेब व्हर्जिनियात एकदाही फिरकले नाहीत.) इथवर आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखंच वाटतं. पण शार्लट्सव्हिल शहराला चारी बाजूंनी अ‍ॅल्बमार्लचा वेढा आणि काउंटीचं कोर्टही शहरातच, तरी शहर काउंटीत मोडत नाही! व्हर्जिनियात अशी ३८ स्वतंत्र शहरं आहेत आणि काउंट्या ९५. ‘जिल्हा’ लिहिलंत की वाचक शहर आपोआप त्यात धरणार.

दुसरी अडचण क्रियापदाची. आपल्याकडे जिल्हा स्वतः काही करत नाही. करतात ते कलेक्टर, नाहीतर जिल्हा परिषद. तिथे काउंटी कर बसवते, शाळांना पैसा देते किंवा देत नाही. प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या फार्मव्हिलला कृष्णवर्णीय मुलांच्या मोटन हायस्कूलची पाटी आहे, ती तुमच्या लेखात येईलच. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. शाळा अपुरी, जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत. पुढे यातून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या ‘ब्राउन’ खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्यावर काउंटीने काय केलं, तर १९५९ साली शाळांचा पैसाच थांबवला. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काउंटीच्या शाळा १९६४ पर्यंत बंद होत्या, आणि बहुतेक कृष्णवर्णीय मुलं त्यातली चार वर्षं शाळेवाचून राहिली.

म्हणून १९५१ च्या प्रसंगाला ‘मुलांनी शाळा बंद पाडली’ असं लिहू नका, एरवी मराठीत ते सहज येतं. शाळा बंद पाडली ती काउंटीने, आठ वर्षांनी. मुलांसाठी ‘वर्गांवर बहिष्कार’ लिहा. त्यांचा स्वतःचा शब्द ‘स्ट्राइक’ होता, तेव्हा ‘संप’ही चालेल. आणि १९५९ साठी ‘काउंटीने शाळांना टाळं ठोकलं’, कर्ता काउंटीच ठेवून.