घरी खरं सांगितलेलं नाही

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलामुलींशी मी समुपदेशक म्हणून व्हिडिओ कॉलवर बोलते, त्याला आता बरीच वर्षं झाली. झोप लागत नाही, लग्न जमत नाही, साहेब छळतो, अशा तक्रारी घेऊन ही मुलं येतात. दोन-तीन भेटींनंतर आवाज खाली येतो आणि एक वाक्य बाहेर पडतं : "ताई, मी इथं नक्की काय करतो ते घरी खरं सांगितलेलं नाही." कुणी गोदामात रात्रपाळीला खोकी भरतो, कुणी वृद्धाश्रमात आजारी म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, कुणी टॅक्सी चालवतो. घरी मात्र 'कंपनीत आहे' एवढंच माहीत. कर्ज काढून पाठवणाऱ्या आईवडिलांची मान खाली जाईल, ही धास्ती. सांगू की नको, सांगितलं तर कसं, हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की एकदा एका माणसाच्या गोष्टीतून त्याचं उत्तर द्यावं असं ठरवलं. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो कोल्हापूरकडचा. वडील, म्हणजे त्याचे आबा, तरुणपणी तालमीत घुमलेले, मुलगाही दहावीपर्यंत मातीत उतरलेला. इंजिनिअरिंग झालं, जमिनीवर कर्ज काढून मँचेस्टरला एम.एस्सी. केलं, पण शिक्षणाजोगी नोकरी काही लागली नाही. देहयष्टी बघून कुणीतरी सुचवलं, तुला नाइट क्लबच्या दारावर काम मिळेल. मिळालं. घरी सांगितलं, सिक्युरिटी कंपनीत मॅनेजर झालो.

ब्रिटनमध्ये बाउन्सर व्हायला नुसते दंड पुरत नाहीत. २००१ साली झालेल्या कायद्याने या कामाला परवाना आणला. कागदोपत्री नाव 'डोअर सुपरवायझर'. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा. भांडण शब्दांनी कसं विझवायचं हा त्यातला मोठा भाग. परवाना दर तीन वर्षांनी नव्याने काढायचा. दारू विकत घ्यायचं वय १८, पण २५ च्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, अशी बहुतेक ठिकाणची पद्धत. आत किती माणसं गेली ते हातातल्या क्लिकरवर मोजायचं. पाऊस असो, थंडी असो, पहाटेपर्यंत पाय हलवायचे नाहीत. हे सगळं मी त्याला खोदून खोदून विचारलं. माणसाचं काम समजल्याशिवाय त्याची लाज समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

विनोदाकडे तो दारावरच्या एका सहकाऱ्यामुळे वळला. मँचेस्टरच्या ऑल्डहॅम स्ट्रीटवर फ्रॉग अँड बकेट नावाचा कॉमेडी क्लब आहे. तिथे सोमवारी नवख्यांची रात्र, म्हणजे 'ओपन माइक', असते. पाच मिनिटं टिकून दाखवायचं. प्रेक्षकांत काहींच्या हाती कार्डं दिलेली असतात, ती वर गेली की खाली उतरायचं. हा पहिल्यांदा दुसऱ्याच मिनिटाला उतरला, नंतर कधीतरी पुरी पाच मिनिटं टिकला. त्याच्या त्या वेळच्या विनोदांत एक धिप्पाड, बावळट, इंग्रजी न समजणारा भारतीय पहिलवान होता, म्हणजे तो स्वतःच. लोक पोट धरून हसले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पुढच्याही नाही.

माझ्याकडे आला तेव्हा तक्रार वेगळीच होती. स्टेजवर जायच्या आधी हात थरथरतात, म्हणाला. सुरुवातीलाच त्याने बजावलं होतं, ताई, मला अरे-तुरेच करा.

"लोक हसले नाहीत तर काय होईल?"

"काय व्हायचंय? उतरायचं खाली. दारावर रोज शिव्या खातोय की मी."

"आणि हसले तर?"

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "हसले तर कुणीतरी व्हिडिओ काढणार, टाकणार. आमच्या गावच्या ग्रुपवर यायला किती वेळ लागतोय?"

फजितीची त्याला भीती नव्हतीच. तो घाबरत होता नाव होण्याला, कारण नाव झालं की नऊ वर्षं जपलेलं 'मॅनेजर' उघडं पडणार होतं.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची आहे : माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा स्वतःचा विचार जास्त छळतो. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. १९ व्या वर्षी त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या मुलीशी बोलायचंच. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. प्रेम काही जमलं नाही, भीती मात्र गेली. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर ते दर शुक्रवारी संध्याकाळी लोकांसमोर व्यासपीठावर बसून कुणाच्याही अडचणीवर बोलत. सभागृह हसत असे आणि त्या हसण्यात माणसं मोकळी होत. हे सांगितलं तेव्हा माझा पहिलवान पहिल्यांदा मनापासून हसला. म्हणाला, "म्हणजे हे बी ओपन माइकच की ओ."

बाउन्सर असणं ही एक घटना आहे. 'म्हणून मी बापाच्या नावाला बट्टा लावला' हे वाक्य आपण तिला जोडतो, आणि रात्री छातीवर बसतं ते हे वाक्य. मी त्याला पोप फ्रान्सिस यांचंही सांगितलं. इटलीहून अर्जेंटिनात गेलेल्या कुटुंबातले ते; तरुणपणी आपण बाउन्सरचं काम केल्याचं २०१३ मध्ये रोममधल्या एका चर्चमध्ये त्यांनी स्वतःच लोकांना सांगितलं होतं. त्याने मान डोलावली. पण त्याला हे डोक्याने पटत होतं, पोटात उतरत नव्हतं. अशा वेळी आणखी समजावत बसण्यात अर्थ नसतो. मी विषयच बदलला. गेल्या आठवड्यात दारावर सगळ्यांत अवघड काय झालं, ते सांग म्हटलं.

त्याने एका साठीच्या माणसाची गोष्ट सांगितली. लेकीचा वाढदिवस, सोबत लेक आणि जावई, आणि हा आधीच भरपूर प्यायलेला. झिंगलेल्या माणसाला दारू विकणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. त्याला आत सोडणं शक्य नव्हतं.

"मग काय केलंस?"

"बाजूला घेतलं. पोरांसमोर नाही म्हटलं तर माणूस पेटतोय. हळू आवाजात म्हटलं, सर, आज मला तुम्हाला आत सोडता येणार नाही. आज जरा जास्त झालीय. टॅक्सी येईपर्यंत मी थांबतो तुमच्याजवळ. मग लेकीला बोलावलं, म्हटलं, बाबांना घरी केक कापायचाय. हात मिळवून गेला बघा."

"आत जागा नाही, असं का नाही सांगितलंस? सोपं पडलं असतं."

"छ्या. खोटं सांगितलं की माणूस अर्ध्या तासानं परत येतोय दाराशी, आणि तेव्हा जास्त तापलेला असतोय. खरंच सांगायचं. पण एकट्याला, हळू, आणि त्याला परत जायला वाट ठेवून."

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य परत एकदा सांग."

त्याने सांगितलं.

"आता हेच आबांना धरून सांग."

पडद्यावर तो हलला नाही. मीही बोलले नाही. अशा शांततेत घाईने बोलणारा समुपदेशक हातातलं घालवतो, हे मी शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगते. बऱ्याच वेळाने त्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नऊ वर्षं मी आबांना 'आत जागा नाही' सांगतोय."

मला या कामात इतकी वर्षं धरून ठेवलं ते अशा क्षणांनी. उत्तर त्याच्या हातात रोज रात्री होतं. अनोळखी दारुड्याची इज्जत सांभाळायची रीत त्याला येत होती, ती स्वतःच्या बापापर्यंत न्यायची राहिली होती. माणसाच्या दुखण्यावरचं औषध पुष्कळदा त्याच्या रोजच्या कामातच सापडतं, असा माझा अनुभव आहे. तिथे बोट ठेवायचं मला सुचलं, याचा आनंद मी लपवत नाही.

मग आम्ही पायरी-पायरीने गेलो. आधी पुण्यातल्या तालमीतल्या मित्राला सांगितलं. आकाश कोसळलं नाही. मग रविवारी दुपारी आबांना फोन, ते मळ्यात एकटे असताना. काम काय, पगार किती, कर्ज किती फिटलं, सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माणसांवर हात टाकतोस काय?"

तालमीतलं बळ तालमीबाहेर कुणावर वापरायचं नाही, हे ज्याच्या अंगात मुरलं आहे तोच बाप असा प्रश्न विचारू शकतो.

"हात टाकायची वेळ येऊ द्यायची नाही, हेच काम हाय आबा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि कर्जाचे उरलेले हप्ते विचारू लागले.

आईचं सोपं गेलं नाही. पंधरा दिवस ती बोलली नाही. कामाचं तिला फार वाटलं नव्हतं. नऊ वर्षं खोटं बोलला आणि आधी बापाला सांगितलं, हे लागलं होतं. तो तिचा हक्क होता. रागावू दे, फोन मात्र करत राहा, एवढंच मी त्याला सांगितलं. हा स्टेजवर नक्की काय करतो, हे शेवटी आबांनीच तिला समजावलं : तमाशात सोंगाड्या राजासमोर उभा राहून खरं बोलतो ना, तसलं.

घरी सांगून झाल्यावर त्याचे विनोद बदलले, आणि तेही मी न सांगता. बावळट पहिलवान गेला. आता रात्री दोन वाजता अख्खं शहर ज्याच्याशी खोटं बोलतं असा माणूस स्टेजवर उभा असतो : कुणी वयाबद्दल, कुणी नावाबद्दल, कुणी किती प्यायलो त्याबद्दल. आणि हाच माणूस रविवारी आईला फोन करून सांगतो, "मी मॅनेजर आहे." टाळ्या तिथे पडतात, असं तो म्हणतो.

आता तुमच्यापैकी जे माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, त्यांच्यासाठी. सणासुदीला, स्पीकरवर सगळं घर ऐकत असताना सांगू नका. भांडणात सांगू नका, पैसे मागताना तर नाहीच. आधी एका माणसाला सांगा, आणि आकड्यांसकट सांगा. अर्धं सांगितलेलं राहिलेल्या अर्ध्याची काळजी वाढवतं. परत जायला वाट ठेवायची म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. तुमच्या आईने वर्षानुवर्षं चार लोकांत तुमची नोकरी सांगितली आहे. उद्या विचारलं तर तिने काय सांगायचं, ते शब्द तुम्ही तिच्या हातात द्या. 'दारावरची सुरक्षा बघतो, सरकारी परवाना आहे' हे खरंही आहे आणि सांगण्यासारखंही. आणि घरच्यांनी लगेच समजून घेतलंच पाहिजे, ही अट मनातून काढा. तुम्हाला सांगायला वर्षं लागली, त्यांना पचवायला थोडे महिने द्या.

नोकरी सोडून आवडीचं करू का, असंही बरेच विचारतात. नोकरी लगेच सोडू नका. क्लबच्या दारावर गर्दी शुक्रवार-शनिवारी, नवख्यांचे ओपन माइक बहुतेक अधल्यामधल्या वारी; दोन्ही कितीतरी काळ सोबत चालतात. नवख्याला त्या पाच मिनिटांचे पैसे सहसा मिळत नाहीत, हे धरून चाला. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर असाल तर करमणुकीचं काम आणि स्वतःचा धंदा दोन्हींना मनाई आहे, तेव्हा व्हिसाची अट आधी वाचा. रात्रपाळीने झोप पार विस्कटली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर आईवडिलांना सांगण्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधी मदत घ्या. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून केलेल्या उपचारासाठी, स्वतःच नाव नोंदवता येतं, मनातलं ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स संस्थेचा ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, आणि भारतात टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

त्याच्यापुढे आता नवा पेच आहे. पैसे मिळणारे वीस मिनिटांचे कार्यक्रम शुक्रवार-शनिवारीच असतात, नेमके दारावरचे दिवस. काय करू, असं त्याने विचारलं तेव्हा मी हिशोबाची वही काढायला लावली. हप्ते, भाडं आणि घरी पाठवायचे पैसे धरून महिन्यातला एक शनिवार सोडणं परवडतं, असं निघालं. तो शनिवार आता स्टेजचा आहे. दाराच्या परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. तो पुन्हा काढायचा, हेही त्याचं ठरलं आहे.