घरच्या घरी ॲनिमेशन शिकायचं तर चेंडूनंतर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीहून रोज कॉलेजला जाता, क्लासची फी सध्या झेपत नाही, ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांची नावं पाठ झालीत आणि उसळत्या चेंडूचं ॲनिमेशन करायचा व्यायाम दोन दिवसांत उरकला. आता पुढे काय? माझं म्हणणं, अजून महिनाभर चेंडूच करा.

मी गोरेगावात टू-डी ॲनिमेशन करतो. शिकत होतो तेव्हा पहिला चेंडू मोठ्या उत्साहाने सरांना दाखवायला नेला. त्यांनी कागदांचा गठ्ठा अंगठ्याने फडफडवला आणि एवढंच विचारलं, "याचं वजन किती?" मला उत्तर देता आलं नाही. प्रत्येक कागदावर मी चेंडू सारख्याच अंतराने खाली घेतला होता. तो पडत नव्हता, नुसता सरकत होता.

टायमिंग म्हणजे हालचाल किती फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारं एक स्थिर चित्र) आणि स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेममध्ये किती किती अंतराने. हा फरक हाताला कळेपर्यंत बाकीची तत्त्वं नुसती नावंच राहतात.

एक फुटाच्या टाइल लावलेली भिंत शोधा, बिल्डिंगच्या जिन्यात बहुधा मिळेल. चार टाइलच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटरवरून रबरी चेंडू सोडा आणि फोनवर शूट करा. जमिनीवर पोचायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरायचं ठरवलं तर सोडण्याच्या चित्रानंतर सहा चित्रं. (फोनचा व्हिडिओ बहुतेक वेळा ३० फ्रेमचा असतो, मोजताना ते लक्षात ठेवा.) आता उंचीचे ३६ भाग करा. सहा टप्प्यांतली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ अशी वाढत जातील. पहिल्या तीन टप्प्यांची बेरीज ९, म्हणजे ३६ चा चौथा भाग, नेमकी एक टाइल. निम्मा वेळ एकट्या वरच्या टाइलमध्येच जातो! वर चित्रांची गर्दी, खाली विरळ. माझ्या गठ्ठ्यात नेमकं हेच नव्हतं.

उसळी अशीच मोजा. चेंडू निम्म्या उंचीपर्यंत वर आला तर वेळ निम्मा होत नाही, १२ ऐवजी साधारण ८ फ्रेम लागतात. त्याच्या निम्म्या उंचीला ६. नवशिके इथे हमखास चुकतात आणि चेंडू मध्येच तरंगल्यासारखा दिसतो.

स्क्वॉश-स्ट्रेच, म्हणजे चेंडूचं चपटं होणं आणि ताणलं जाणं, त्यानंतर, आणि जपून. चेंडू चपटा झाला की रुंद व्हायलाच हवा, आकारमान तेवढंच राहिलं पाहिजे. मग एकाच उंचीवरून तीन चेंडू टाका: टेनिस बॉल, सीझन बॉल आणि फुगा. सीझन बॉलला स्क्वॉश नकोच, त्याचा जडपणा कमी उसळीतून दिसू दे. मग तिन्हींचं ॲनिमेशन, कुठला चेंडू कुठला हे माहीत नसलेल्या घरातल्या कोणाला तरी दाखवून विचारा, कुठला जड?

दुसरा व्यायाम तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. लोकलमध्ये वरच्या हँडलांकडे बघा. गाडी सुटताना ती मागे झुकतात, ब्रेक लागला की पुढे जातात आणि गाडी उभी राहिल्यावरही डोलत राहतात. टोकाला मंद, मध्ये वेगात, दर झोक्याला थोडं कमी. स्लो इन, स्लो आउट, आर्क (वक्र वाट), फॉलो थ्रू (थांबल्यावरही चालू राहणारी हालचाल), सगळं त्या एका हँडलात आहे. घरी येऊन आठवणीने काढा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून तपासा.

ही बारा तत्त्वं डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली पुस्तकात मांडली, पण मुंबईत हे शिक्षण त्याच्याही आधीचं. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि भारतीय ॲनिमेशनचे एक आद्य कलाकार राम मोहन त्यांच्या हाताखाली घडले. पेडर रोडला त्याच आवारात आता चित्रपट संग्रहालय आहे. सवड काढून जाऊन या.

सॉफ्टवेअरची काळजी सोडा. क्रिता आणि ब्लेंडर फुकट आहेत, आणि कॉम्प्युटर नसेल तर वहीचे कोपरे पुरतात, पानापानावर चित्र काढून फडफडवायचे. पिठाच्या पोत्याला जिवंत करायचा व्यायाम, चालण्याची सायकल (पावलांचं पुन्हा पुन्हा येणारं चक्र) हे सगळं नंतर. तीन चेंडू आणि एक हँडल झालं की मला दाखवा, फ्रेम फ्रेम बघून सांगेन.